आडनावावरून भरलेला रकाना

"आडनाव पाहा ना बे. आडनावावरून माणूस समजते."

आमच्या ऑफिसचे सर प्रोजेक्टरच्या पडद्यासमोर उभे राहून म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आता या मॅडमच पाहा. आडनाव लावतच नाहीत. बापाचं नाव, आज्याचं नाव, संपलं. मंग समजून घ्या, कोण असतीन."

सगळे हसले. मीही हसले.

अपमान सरांनी केला. पण लाज वाटते ती माझ्या हसण्याची.

आमचं ऑफिस खामगावात, एका कापड दुकानाच्या वर. अमेरिकेतल्या दवाखान्यांत पेशंट हाताने फॉर्म भरतात. त्यांचे स्कॅन आमच्याकडे येतात आणि आम्ही अकरा जण ते टाईप करतो. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो : तुम्ही हिस्पॅनिक आहात का? सर त्या दिवशी तोच शिकवत होते. अर्थ त्यांनी मलाच विचारला, कारण इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी. मी बसल्या जागी, हळू आवाजात सांगितलं. ज्यांची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहेत, ते. हा वंश नाही, कातडीचा रंगही नाही. गोरा माणूस हिस्पॅनिक असतो, काळाही असतो. काहींना लॅटिनो म्हणवून घ्यायला आवडतं, काहींना नुसतं मेक्सिकन. काहींना यातलं काहीच नको असतं. म्हणून हा रकाना ज्याचा त्याने भरायचा. कोरा असेल तर आपण 'सांगितलं नाही' असं टाकायचं. आमच्या सूचनांच्या कागदावरच तसं लिहिलंय.

पण कोरे रकाने वाढले की सरांना वरून, काम देणाऱ्या कंपनीकडून, विचारणा होते. म्हणून त्यांनी आडनावाची युक्ती काढली, आणि उदाहरणाला मी.

पुढचाच फॉर्म एका बाईचा होता. आडनाव सांतोस. रकाना कोरा. दुसऱ्या पानावर घरची भाषा लिहिली होती, तागालोग. म्हणजे बाई बहुधा फिलिपिन्सची. तिथे स्पेनचं राज्य होतं, आणि स्पॅनिश आडनावं लोकांना राज्यकर्त्यांनी वाटली; आडनावावरून तिथला माणूस हिस्पॅनिक ठरत नाही. हे सगळं मला माहीत होतं. सर मागे उभे होते.

मी 'हिस्पॅनिक' भरलं.

दोन मिनिटांपूर्वी माझ्यावर जे झालं, ते मी तिच्यावर केलं. तो दिवस धरून तीन दिवस करत राहिले.

लपवायची सवय मला जुनी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, जिच्यासोबत डबा खायचे त्या मैत्रिणीने विचारलं होतं, तुम्ही म्हंजे कोण? मी म्हणाले, वडनेरचे. ती हसली. "गाव नाही इचारलं वं." मी भाजीचं काहीतरी बोलून विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, वडनेरला घरी पोचल्यावर, सरांचं बोलणं बाबांना सांगितलं. बाबा पंचायत समितीत कारकून होते. जन्मभर लोकांचे अर्ज भरून दिले त्यांनी. माझा शाळेचा अर्जही त्यांनीच भरला होता आणि आडनावाच्या जागी आजोबांचं नाव लिहिलं होतं.

"माहा हात थांबला होता पोरी तेव्हा. तुले कोणी हिणवू नये म्हून लपवलं. मले वाटलं, तुले वाचवलं."

माझ्याकडे न बघता बोलले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी एकदा लपवलं. मी रोज लपवत होते.

चौथ्या दिवशी पुन्हा एका बाईचा कोरा रकाना आला. मी 'सांगितलं नाही' टाकलं. सर टेबलाशी आले.

"हे 'सांगितलं नाही' काऊन?"

"तिने लिहिलं नाही सर. आपण लिहायचं नाही."

"आडनाव दिसत नाही का?"

"दिसतं. त्यावरून भरणार नाही." मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "आणि माझं काय ते मला विचारायचं. मी बौद्ध आहे."

की-बोर्ड थांबले. सर शांतपणे म्हणाले, "आम्ही कुठं इचारलं, मॅडम?"

यावेळी कोणी हसलं नाही. डब्याच्या सुट्टीत ती मैत्रीण म्हणाली, आज उपास आहे. मी एकटी जेवले. सगळा डबा संपवला.

त्या तीन दिवसांत मी आडनाव बघून भरलेले फॉर्म आता शोधून काढतेय. पाठवलेला फॉर्म दुरुस्त करायला एक अर्ज लागतो. चूक कोणाची, कारण काय, खाली नाव. सर म्हणतात, असे अर्ज वर गेले तर हे काम बंद होईल, अकरा जणांचं. घाबरवायला म्हणतात, पण खरंही असेल. बाकीचे दहा जण माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आज सकाळी सांतोसबाईंचा अर्ज पाठवला. चूक : माझी. कारण : न विचारता ठरवलं. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आता त्याच्या पुढचा लिहायला घेतलाय. काम जायचं असेल तर जाईल, पण त्या तीन दिवसांतला एकही फॉर्म मी तसा ठेवणार नाही.