नेमणुकीआधी चार प्रश्न

जगातल्या कुठल्याही माणसाला कुठल्याही खुर्चीवर बसवण्याआधी अर्धा तास मेघनाच्या बाबांसमोर बसवावं, एवढी एकच सुधारणा झाली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील आणि उरलेल्या निम्म्यांवर जरा बरी माणसं दिसतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. हे मत मी स्वतः त्यांच्यासमोर बसल्यानंतर बनवलेलं आहे, तेव्हा त्याला अनुभवाचा आधार आहे. मेघना जर्मनीत इंगोलश्टाटला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. शिकायला म्हणून आली आणि टोबियास नावाच्या सरळमार्गी जर्मन माणसाशी लग्न करून इथलीच झाली. तिचे बाबा दर उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर येत आणि नव्वदाव्या दिवशी परतीच्या विमानात बसत. एकदा विमानाला उशीर होऊन एक्क्याण्णवावा दिवस उजाडतो की काय अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा त्यांनी विमानतळावरच्या पोलिसाकडे जाऊन स्वतःविरुद्धच तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला. पोलिसाने त्यांना कॉफी पाजली. "गुन्हेगाराला कॉफी देतात," असं बाबा पुढे कित्येक दिवस खेदाने सांगत होते.

बाबा एका तालुक्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. म्हणजे न्यायाधीशांच्या पायाशी टेबल मांडून बसायचं, फायली लावायच्या आणि कोणतं प्रकरण कधी पुकारायचं ते बघायचं. निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून उठलं नाही. त्यातच तीनेक वर्षांपूर्वी इथल्या सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांना अमेरिकेतल्या सुनावण्यांचा शोध लागला. तिकडे मंत्री किंवा वरच्या कोर्टाचा न्यायाधीश नेमायचा, तर आधी सगळ्या देशादेखत त्याला सिनेटसमोर बसवून प्रश्न विचारतात, हे कळलं त्या दिवशी बाबांना जेवण गेलं नाही. "म्हणजे आधी विचारतात?" ते मला पुन्हा पुन्हा म्हणाले. "अरे, आपल्याकडे आधी हार घालतात आणि वीस वर्षांनी चौकशी समिती नेमतात!" तिकडची सकाळ म्हणजे इथली दुपार. त्यामुळे चारच्या चहाला बाबा, मी सुट्टीवर असलो तर मी, आणि टीव्हीवर कुणीतरी घामाघूम उमेदवार, असा आमचा बेत असे. उमेदवाराने पेल्याला हात घातला की बाबा ओरडत, "पाणी प्यायला! प्रश्न लागला!" आणि सिनेटरने भलताच प्रश्न विचारून वेळ घालवला, तर त्याला इंगोलश्टाटहून अस्सल तालुक्याच्या शिव्या मिळत.

हळूहळू हे लोण घरात आलं. हिवाळ्यापूर्वी हायत्सुंग तपासायला आलेल्या माणसाला बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोर्टाच्या इंग्रजीत विचारलं की या पदासाठी आपण स्वतःला लायक का समजता. तो बिचारा म्हणाला, मी फक्त हीटर बघायला आलोय. "उत्तर प्रामाणिक आहे," असा शेरा मारून बाबांनी त्याला हीटरपाशी जाऊ दिलं. सुनावणीत बाबा सगळ्यांना 'आपण' म्हणत. आठ वर्षांच्या नातीलासुद्धा. "लेनाताई, फ्रिजमधलं चॉकलेट आपण शेवटचं कधी पाहिलंत?" लेनाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती शांतपणे म्हणाली, "काइन कोमेंटार." 'यावर काही बोलायचं नाही' हा त्याचा अर्थ बाबांना सांगितल्यावर ते इतके खूश झाले की उरलेलं चॉकलेटही तिलाच मिळालं.

शपथेचा तेवढा घोटाळा झाला. टीव्हीत बघून बाबा उजवा हात वर करायला लावत. लेनाने तेच मैदानावर नेलं. घसरगुंडीवर आधी कोण आलं याचा निवाडा करायला तिने चार पोरांना ओळीत उभं केलं, आणि पोरांनी वर करायचा तो हात ताठ पुढे केला. या देशात तसा हात करणं म्हणजे काय, हे पोरांना ठाऊक नव्हतं, बाकावरच्या आयांना मात्र चांगलंच ठाऊक होतं. मेघना चप्पल हातात घेऊन धावली. त्या दिवसापासून शपथ दोन्ही हात मांडीवर ठेवून घ्यायची, असा नियम निघाला.

टोबियासची सुनावणी लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. "तेव्हा घाईत राहून गेलं," बाबा म्हणाले. बायकोच्या वडिलांची गंमत म्हणून दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. टोबियासने आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि ठरल्या वेळी कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेला जाडजूड ऑर्डनर, म्हणजे इथली फाइल, घेऊन हजर झाला. त्यात त्याची शाळेपासूनची प्रमाणपत्रं, दातांच्या तपासण्या, एवढंच काय, मेघनाशी झालेल्या दोन मोठ्या भांडणांची त्याने स्वतः केलेली टिपणं होती. दोन्हीत चूक कुणाची, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. एकदा त्याची, एकदा तिची. बाबांचे डोळे भरून आले. "सबंध नोकरीत असा साक्षीदार पाहिला नाही," ते मला म्हणाले. "पोरगी चांगल्या घरी पडली."

बाबांना राग एकाच गोष्टीचा येई. लहान माणूस सापडतो आणि मोठा सुटतो, याचा. एकदा स्टेशनजवळ अपंगांच्या जागेत कुणाची लांबलचक काळी गाडी परवान्याच्या चिठ्ठीशिवाय उभी दिसली, तर बाबा तिच्याजवळ पाऊण तास राखण करत उभे राहिले. मालकाला चार शब्द सुनवायचे होते. शेवटी काठी टेकत एक म्हातारी आली. चिठ्ठी तिच्या सीटखाली पडली होती. बाबांनी तिची माफी मागितली, तिच्या पिशव्या गाडीत ठेवल्या, आणि घरी येऊन स्वतःला दंड म्हणून दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण बाबांची खरी सुनावणी तिथे झाली, आणि तिच्यात मी होतो. गणपतीसाठी आम्ही दर वर्षी एक हॉल घेतो. त्या सुनावणीच्या आदल्या वर्षी गणपतीत आरती ऐन रंगात असताना छताला लावलेला राउखमेल्डर, धूर ओळखणारा भोंगा, कोकलायला लागला. धूर त्याला लागला होता कापराचा. पाच मिनिटांत अग्निशामक दलाच्या दोन गाड्या आल्या आणि शिरस्त्राण घातलेले सहा जवान 'घालीन लोटांगण'च्या मध्येच आत घुसले. हॉलवाल्यांनी लेखी खुलासा मागितला. जबाबदार कोण? आरतीची तयारी स्नेहलकडे होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच आलेली मुलगी, जर्मनचा क्लास करायची, ओळखीपाळखी बेताच्याच. समितीने तिचं नाव लिहून दिलं, तिच्याकडून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माफीपत्र घेतलं आणि 'संबंधित व्यक्तीला सर्व कामांतून मुक्त करण्यात आले आहे' असं कळवून टाकलं. तिने एकदा सांगून पाहिलं, "तबक तेव्हा माझ्या हातात नव्हतं." पुरावा काय, असं समितीने विचारलं. पुरावा माझ्या फोनमध्ये होता.

तबक अध्यक्षसाहेबांच्या हातात होतं. स्नेहलने खिडकीपाशी दोनच वड्या लावल्या होत्या. साहेबांनी तबक घेतलं, वर मूठभर कापूर ओतला, बरोबर राउखमेल्डरखाली उभे राहिले आणि म्हणाले, "नितीन, काढ रे फोटो." मी काढला. फोटो झकास आला. पण हे साहेब मंडळाचे अध्यक्ष तसेच कंपनीत माझ्या विभागाचे प्रमुखही. माझं कंत्राट दोन वर्षांचं होतं आणि ते कायम करायचं की नाही हे त्यांच्या सहीवर होतं. समितीच्या त्या बैठकीत मी कार्यक्रमपत्रिका इतकी लक्षपूर्वक वाचली की आजही ती मला पाठ आहे. स्नेहल त्यानंतर मंडळात आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले, मेघनाकडून हे सगळं त्यांनी ऐकलं आणि सरळ अर्ज केला. अध्यक्षसाहेब तिसऱ्यांदा उभे आहेत, तर निवडणुकीआधी त्यांची सुनावणी व्हावी. साहेबांना ती करमणूक वाटली. "हो, हो, होऊन जाऊ दे! चला, चहाबरोबर मजा," ते म्हणाले. रविवारी दुपारी सभा भरली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. शेजारी टोबियास, कारण प्रोटोकॉल, म्हणजे सभेचा वृत्तान्त, जर्मनमध्ये लिहावा लागतो. मेघना त्याच्या कानात भाषांतर करत होती.

"गेल्या वर्षी आरतीचं तबक कुणाच्या हाती होतं?" बाबांनी विचारलं.

"एवढ्या गर्दीत कुठलं आठवायला?"

"कापूर कुणी टाकला?"

"खरंच आठवत नाही हो."

"आपण उभे कुठे होता?"

"नाही आठवत."

"त्या दिवशी कुर्ता कोणता घातला होता?"

"मोरपंखी!" साहेब खुलले. "पैठणीचा काठ लावून घेतला होता, पुण्याहून."

सभा हसली. टोबियासने मान खाली घालून लिहिलं. बाबा हसले नाहीत. "आठवत नाही हे उत्तर मोठ्या माणसालाच परवडतं," ते म्हणाले. "लहान माणसाकडून आपण सगळं लेखी आठवून घेतो." आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "नितीनराव, फोटो आपण काढता ना दर वर्षी? गेल्या वर्षी तबक कुणाच्या हाती होतं?"

माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी तो उचलला आणि प्यालो. मग म्हणालो, "आठवत नाही."

बाबांनी समोरचे कागद आवरले. "सुनावणी संपली," म्हणाले. साहेब टाळ्यांच्या गजरात निवडून आले.

परतताना डोनाउ नदीच्या काठाने आम्ही दोघंच चालत होतो. ते झापतील अशी माझी अपेक्षा होती, इच्छाही होती. बाबा म्हणाले, "आमच्या कोर्टात एका बाईची फिर्याद होती. गावच्या मोठ्या माणसावर. एका तारखेच्या आदल्या दिवशी त्याच्या वकिलाने मला चहा पाजला. चहाच फक्त. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ते प्रकरण मी पहिलं पुकारायला लावलं. तिची एसटी वीस मिनिटांनी येते हे मला माहीत होतं. फिर्यादी गैरहजर, आरोपी सुटला. ती धापा टाकत आली, मलाच विचारलं, माझं नाव पुकारलं का. मी म्हटलं, पुकारलं." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "मला कुणी कधीच विचारलं नाही रे, नितीन. विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, आठवत नाही."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन खाली गेलो आणि म्हटलं, "बाबा, माझी सुनावणी घ्या." त्यांनी घेतली, नीट, अर्धा तास. टोबियासने लिहून घेतली. मग मी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं की तबक साहेबांच्या हातात होतं आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं. स्फोटाची वाट पाहत बसलो. पहिला निरोप आला, 'काय प्रसन्न दिसताय, साहेब!' मग अंगठे, मग नमस्काराचे हात, मग फुलं. वरचा मजकूर एकानेही वाचला नसावा, किंवा वाचून सोडून दिला असावा. शेवटी साहेबांचाच निरोप आला, 'आधी का नाही दिलास? वेबसाइटवर टाकला असता!' पुढच्या महिन्यात त्यांनी माझं कंत्राट कायम केलं, हसत हसत. ज्या भीतीपायी मी वर्षभर गप्प बसलो होतो, तिला मुळात पायाच नव्हता, हे मला अजून गिळता आलेलं नाही.

काम केलं ते टोबियासने. प्रोटोकॉलला फोटो जोडून, 'परिशिष्ट एक' असं लिहून, त्याने सगळं हॉलवाल्यांच्या कचेरीत नेऊन दिलं. त्यांचं पत्र आलं की गेल्या वर्षी कळवलेली व्यक्ती जबाबदार नव्हती, याची नोंद घेतली आहे. जर्मन शिक्का बघितल्यावर समितीला एकदम आठवलं की स्नेहल किती गुणी मुलगी आहे, आणि आरतीचं काम तिला परत मिळालं. साहेब अजून अध्यक्ष आहेत.

स्नेहलचा फोन मात्र आला होता, मी फोटो टाकला त्याच संध्याकाळी; ग्रुपवर ती अजून होती. रागावली नव्हती. एवढंच विचारलं, "नितीनदादा, हा फोटो वर्षभर तुमच्याकडे होता?"

मी "हो" म्हणालो. तिने फोन ठेवला.

या उन्हाळ्यात बाबा आले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एवढा प्रवास डॉक्टर नको म्हणतात, आणि यापुढे जमेल असं मेघनालाही वाटत नाही. चारच्या चहाला आता मी एकटाच असतो, आणि सुनावणी लागली तरी पाणी प्यायल्यावर ओरडणारं कुणी नसतं. आठवण फार येते. गेल्या रविवारी फोन केला तर तब्येतीचं काही बोलू न देता त्यांनी थेट विचारलं, "स्नेहल बोलते का तुझ्याशी?"

"नमस्कार करते. पुढे काही नाही."

"करू दे. तिने लगेच बोलायला पाहिजे असं कुठे आहे? तू समोर जात जा. तोंड चुकवू नकोस."

गणपतीच्या कामाची यादी यंदा स्नेहलच करते आहे. हॉल झाडायला तिच्या हाताखाली चार माणसं हवी होती. तिसरं नाव मी माझं घातलंय. ते तिने अजून तरी खोडलेलं नाही.