आमच्याकडे राहणारा गोलकीपर

शुभमने मंगळवारी जेवताना चमचा मागितला, तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही.

चमच्याची एवढी काय काळजी, असं कुणालाही वाटेल. पण तो आमच्याकडे राहायला आला त्या पहिल्या दिवशी मी त्याच्या ताटाशेजारी चमचा ठेवला होता आणि त्याने तो हळूच बाजूला सारला होता. “काकू, चमच्याने वरण-भाताला चव लागत नाही,” म्हणाला, आणि बोटांनी असा सुरेख भात कालवला की माझा नवरा मकरंद बघतच राहिला. समोर आमचा शंतनू काट्याने भात टोचत बसला होता. “बघ जरा, शिक काहीतरी,” मकरंद त्याला म्हणाला. ते मला अजून लागतं.

शुभम आमच्या नात्यातला नाही. त्याचे आईवडील, मृणालिनी आणि काशिनाथ, क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहतात, आमच्यापासून विमानाने दीड तासावर. ती हॉस्पिटलात नर्स आहे, तो घरं गरम ठेवणारे हीट पंप बसवतो. शुभम गेली दोन वर्षं आमच्या माउंट रॉस्किलच्या घरात राहून शंतनूच्याच कॉलेजात शिकतो. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. दोघांचंही हे शेवटचं वर्ष.

त्याला कॉलेजने फुटबॉलसाठी आणला. ग्रँट म्हणून कोच आहे, त्याचं म्हणणं असं की संघात प्रत्येक जागेवर एक पक्का मुलगा हवा, त्याच्यामागे दुसरा हवा आणि जमलं तर तिसराही. याला तो डेप्थ म्हणतो. पालकांच्या प्रत्येक सभेत हा शब्द येतो. त्या डेप्थच्या तळाशी कुणाचा मुलगा बसलेला असतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्या वर्षी ग्रँटने बाहेरगावचे तीन मुलगे आणले आणि संघाच्या पालकांना विचारलं, कुणी यांना घरी ठेवून घ्याल का? त्यात एक मराठी मुलगा आहे म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी मृणालिनीला फोन लावला. ती साताऱ्याची निघाली, माझं माहेर कराड. मग काय विचारता! शुभमला दूध चालतं का, तिखट किती लागतं, थंडी सोसते का, अंगावर दोन पांघरुणं लागतात का, सगळं विचारून घेतलं. तो मैदानात कुठे उभा राहतो, एवढं तेवढं विचारायचं राहिलं.

पहिला सराव करून शंतनू घरी आला, बूट दाराबाहेर काढले आणि म्हणाला, “आई, यू नो ही इज अ कीपर, राइट?”

“म्हणजे?”

“म्हणजे गोलकीपर. लाइक मी.” आणि हसायला लागला. त्याला खरंच गंमत वाटली होती.

शंतनू वयाच्या सातव्या वर्षापासून गोलमध्ये उभा राहतो. त्याच्याआधीचा मोठा मुलगा कॉलेज सोडून गेला होता, आता ती जागा त्याचीच होती. आणि मी, त्याच्या आईने, त्याच्या जागेवर बसणारा मुलगा पांघरुणं मोजून घरात घेतला होता. आता त्याला परत कसं पाठवणार? मृणालिनीने विमानातून तीळगुळाचा डबासुद्धा पाठवला होता.

शुभम वाईट असता तर बरं झालं असतं. तो आपलं ताट धुतो, शंतनूचंही धुतो. दोरीवर कपडे वाळत घालताना गुणगुणतो. रोज संध्याकाळी डेकवर बसून आईशी मराठीत बोलतो. त्यांच्या घरी नियमच आहे म्हणे, चपला काढल्या की इंग्रजीही दाराबाहेर ठेवायचं. मी हाच नियम किती वेळा करून पाहिला. शंतनूला सगळं कळतं, पण “जेवलास का?” म्हटलं की उत्तर येतं, “हीप्स, थँक्स.” म्हणजे भरपूर जेवलो. आता मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या बाईच्या मुलाचं मराठी ऐकते. मृणालिनीचा मुलगा लांब आहे तरी तिला त्याचं सगळं कळतं. माझा पलीकडच्या खोलीत आहे आणि मला काही कळत नाही.

शनिवारी मैदानावर तर विचारू नका. चिखल, वारा, सॉसेज भाजल्याचा वास, घडीच्या खुर्च्या. शुभम हवेत आडवा होऊन चेंडू अडवतो तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण ओरडतं? मकरंद. “जियो शुभम!” शंतनू जाड जॅकेट घालून बाकावर बसलेला, तोही ओरडत असतो. मी टाळ्या वाजवते. हातमोजे घातलेले असतात, त्यामुळे आवाज येत नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी पालकांचं बार्बेक्यू होतं. ग्रँटला बिअर चढली की तो जुना हिशेब मांडतो, कोणत्या वर्षी कुणाला आणलं आणि त्यातलं कोण कामाला आलं. म्हणाला, त्या वर्षीच्या तिघांपैकी हॅमिल्टनचा स्ट्रायकर पहिल्या टर्मनंतरच घरी पळाला, कारण त्याला आईची आठवण यायची. पामर्स्टन नॉर्थचा बचावपटू सरावाला येईनासा झाला, कारण त्याला जेवणाखाण्याचं विचारणारं कुणी नव्हतं. “आणि शुभम? तो टिकला, कारण त्याला हे घर मिळालं.” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुखदा नावाची एक आई आहे, तिचाही मुलगा संघात आहे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “नीलांबरी, तू त्याला थोडं कमी जेवायला घातलं असतंस तर आज तुझा खेळला असता गं!” आम्ही दोघी हसलो. ती जास्त हसली.

असो. तर मंगळवारचा चमचा.

“काकू, चमचा मिळेल?” एवढंच म्हणाला. मी दिला. त्याने तो डाव्या हातात धरला. उजवा हात टेबलाखाली. बुधवारी फ्रीजरमधलं गोठवलेल्या वाटाण्याचं पाकीट त्याच्या उशीखाली सापडलं, वितळून सगळी उशी ओली झालेली. आज, गुरुवारी दुपारी शंतनू डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, ब्रेड आणायला गेला होता, तेव्हा मी शुभमला स्वयंपाकघरात गाठलं.

“हात दाखव.”

“काही नाही काकू. जरासं मुरगळलंय.”

“दाखव म्हणते ना.”

त्याने दाखवला. अंगठ्याखाली मनगटाजवळ सूज होती. मी नुसतं बोट टेकवलं, तर त्याचे डोळे भरून आले.

“कधीपासून?”

“मागच्या मॅचपासून. गोलपोस्टवर आपटला.”

“आईला सांगितलंस?”

“नाही. ती लगेच एक्स-रे काढायला लावेल.” मग अगदी हळू म्हणाला, “काकू, प्लीज. शनिवारी फायनल आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा माणूस बघायला येणार आहे.”

ते मला माहीत होतं. घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. त्या माणसाला शुभम आवडला तर चार वर्षांचं शिक्षण, राहणं, खाणं, सगळं फुटबॉलवर होईल.

“मग हा हात घेऊन सराव कसा करतोस?”

“शंतनू टेप बांधून देतो. सकाळी, बाथरूममध्ये.”

ज्याच्यामुळे माझा मुलगा दोन वर्षं बाकावर बसला, त्याचं मनगट माझाच मुलगा रोज सकाळी दार लावून बांधतो, म्हणजे बाकावर आणखी एकदा नीट बसता यावं.

संध्याकाळी शंतनूला गाडीत बसवून मुद्दाम दुकानात नेलं. पार्किंगमध्ये विचारलं, “तू ग्रँटला का सांगत नाहीस?”

“आई, नो वे.”

“त्याचा हात मोडलेला असू शकतो.”

“ही सेज इट्स ओके.”

“आणि तू डॉक्टर झालास का रे?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “इफ आय टेल, आय प्ले. सो आय काण्ट टेल. यू गेट दॅट, राइट?” आणि मग, चक्क मराठीत, “तू पण नको सांगू. सगळ्यांना वाटेल तू माझ्यासाठी केलं.”

“मग वाटू दे.”

“मला पण वाटेल, आई.”



आता सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे. शंतनूचं म्हणणं खोटं नाही. उद्या मी सांगितलं तर शनिवारी गोलमध्ये तो उभा राहील. तो अमेरिकेचा माणूस त्यालाच बघेल. मकरंद त्याच्या नावाने ओरडेल. सुखदा माझ्याकडे वळून बघेल. हे मला हवं आहे. दोन वर्षं हवं आहे. शुभमच्या मनगटावर बोट ठेवलं तेव्हासुद्धा हवं होतं, आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याला तसंच गाडीत घालून डॉक्टरकडे न्यावंसं वाटलं. दोन्ही एकाच क्षणी झालं. त्यातलं आधी कोणतं, ते मी ठरवत बसले तर शनिवार उजाडेल.

आणि गप्प बसले तर? तर मी फार मोठ्या मनाची ठरेन. शंतनू माझ्याशी धड बोलेल. शुभम पुन्हा त्या हातावर पडेल. मनगटाची छोटी हाडं वेळेत बांधली नाहीत तर जुळत नाहीत, असं मृणालिनीच एकदा कुणाबद्दल तरी सांगत होती. तिने तिचा मुलगा माझ्या भरवशावर ठेवलाय. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते तिला माहीत नाही, आणि तिला त्याच्याशी काही घेणंही नाही. तिला त्याच्या हाताशी घेणं आहे.

ग्रँटला मी फोन करणार नाही. कोण खेळणार आणि कोण नाही, हे माझ्या तोंडून त्याच्यापर्यंत जायला नको. पण मृणालिनीची आज रात्रपाळी आहे, ती जागी असेल. तिला सांगायचं की हात सुजलाय, कुठे सुजलाय, कधीपासून. तिने विचारलं की मग शनिवारी कोण खेळणार, तर तेही सांगायचं, शंतनू. तिला मग माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटो.

मकरंद जागा होऊ नये म्हणून मी फोन घेऊन गाडीत जाऊन बसते.