लस आधी कोणत्या कळपाला

पशुवैद्यक शिकत होतो तेव्हा आमच्या विभागात एकच संगणक होता. चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत जावं लागे. त्यावर मी माझ्या प्रबंधासाठी मेंढ्यांच्या देवीच्या साथीचा प्रोग्रॅम लिहिला होता. गावागणिक कळपांतल्या मेंढ्यांचे आकडे घातले की रोग कसा पसरेल आणि लस कुठं दिली तर जास्त मेंढ्या वाचतील, ते तो सांगे.

त्या हिवाळ्यात पूर्णा तालुक्यात खरंच देवी आली आणि लस अपुरी पडली. माझ्या मार्गदर्शक सरांनी मला विचारलं, आधी कुणाला द्यायची. प्रोग्रॅमनं उत्तर दिलं, मोठे कळप आधी. तशीच लस वाटली गेली आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

पुढं पाहणीला चुडाव्याला गेलो. बंदमुळं एसटी नव्हती, रेल्वेनं गेलो. स्टेशनापासून कोसभरावर एका धनगर बाईच्या मेंढ्या बसल्या होत्या. तिचा कळप लहान, म्हणून माझ्या यादीत शेवटी. अकरा मेंढ्या गेल्या होत्या. एका आजारी मेंढीच्या नाकाला ती हळद-तेल लावत होती. मी तिला खरं सांगून टाकलं, की यादी माझीच होती. तिनं त्या मेंढीच्या नाकाला उरलेलं तेल लावून घेतलं. मग यादी कशी केली ते तिनं विचारलं. मी सांगितलं, गावागणिक कळप मोजून.

"आमच्या मेंढ्या गावात ऱ्हातच न्हाईत, डाक्टर," ती म्हणाली. "आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. खतासाठी बसवत्यात. रोग आमच्या पायानं फिरायलाय."

मोठ्या कळपातल्या लस दिलेल्या मेंढ्याही दगावल्याचं मी ऐकलं होतं. त्याचं कारणही तिलाच ठाऊक होतं. सुई टोचली तेव्हाच त्यातल्या काही तापानं आजारी होत्या. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र लस टोचल्याक्षणी लागू पडत होती, आणि तीही प्रत्येक मेंढीला.

मी वहीत तिच्या वाटा उतरवून घेतल्या: कुठल्या रानातून कुठं, नदीवर कोणाचे कळप एकत्र पाणी पितात. परत आल्यावर गावांऐवजी त्या वाटा घातल्या, लस लागू व्हायला दिवस दिले आणि आधीच आजारी असलेल्या मेंढ्या वगळल्या. या वेळी फिरते कळप वर आले. सरांनी कागद दोनदा वाचला आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. लसीच्या उरलेल्या कुप्या त्या वाटांवर गेल्या. बाईच्या धडधाकट मेंढ्यांना मी स्वतः टोचलं. ती एकेक मेंढी धरून देत होती.

त्यातल्या दोन पुढं आजारी पडल्या, बाकी तगल्या. नदीपलीकडं साथ फारशी गेली नाही. ती लसीमुळं थांबली की आपोआप ओसरली, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतही मी तेवढंच बोललो.