मास्तरांच्या पुढे कोणी नाही

मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या आणि त्यांचं कटिंगचं टेबल गेलं.

पन्नास वर्षं कापड कापलेला माणूस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. दुकान आता लेक चालवत होती. मापं ती घ्यायची, मशीनवर ती बसायची, पण मास्तरांच्या कात्रीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि अशा माणसाने कापडाचे दोन्ही थर तोंडाला तोंड न लावता सुलटेच ठेवले अन् कापून मोकळा झाला! दुसऱ्या दिवसापासून कापलेलं कापड बाहेरून यायला लागलं. त्यापेक्षा लेक ओरडली असती तर परवडलं असतं.

मग लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मास्तरांना तीन आठवले. “आजार म्हणावा असं काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण माणसांत राहा. ‘ताई ची’ करा, तो चिनी व्यायाम. सावकाश हलायचं आणि पुढे काय येतं ते ध्यानात ठेवायचं, म्हणजे डोक्यालाही काम मिळतं. सहा महिन्यांनी बघू.”

“टेबलाचंही तेव्हाच बघू, बाबा,” लेक म्हणाली. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक निवृत्त नर्सबाई शिकवायच्या. वीसेक म्हातारी मंडळी जमायची. कोवळं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं आणि त्यात सगळ्यांचे हात पाण्याखाली असल्यासारखे वर जायचे. पहिल्या दिवशी मास्तरांना हसू आलं; एवढ्या वेळात मी एक पायजमा कापला असता, ते मनात म्हणाले. पण महिनाभरात गोडी लागली. हात उचलला की वाटायचं, आपण उचललाच नाही, कुणीतरी अलगद धरलाय. वजन या पायावरून त्या पायावर सरकायचं आणि मधेच एखादी जुनी गोष्ट येऊन बसायची, बायकोची हिरवी छत्री नाहीतर पहिल्या मालकाचा खोकला. सकाळ संपूच नये असं व्हायचं.

फक्त एक लबाडी होती. मास्तर सगळ्यांच्या मागे एकटेच उभे राहायचे. पुढे बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, तपकिरी स्वेटरातल्या. त्या करतील ते मास्तर किंचित मागून करायचे. घरी मात्र सांगायचे, “सगळं पाठ झालंय.” सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पाचव्या महिन्यात नर्सबाई म्हणाल्या, “आज शेवटी मागे वळायचं आणि तिकडे तोंड करून तेच पुन्हा.”

सगळे वळले. मास्तर एकदम सगळ्यांच्या पुढे आले. समोर ना काकू, ना स्वेटर. नुसती खिडकी आणि उजेड. मागे कसलीच हालचाल नव्हती, कारण सगळे त्यांच्याकडे बघत थांबले होते.

मग हात उठले. पहिलं आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला डोकं कोरं झालं, पण हात काही थांबेनात. त्यांनी हवेत कापड अंथरलं, तळव्याने सुरकुती काढली, कड चाचपली आणि उजवा हात एका सरळ रेषेत कापत गेला. मागे वीस जणांनी कापड अंथरलं, सुरकुती काढली, कापलं. कुणी घाई केली नाही. मास्तरांना वाटलं, हॉलभर एकच लांबलचक कापड पसरलंय आणि त्याला शेवटच नाही.

“छान होतं,” नर्सबाई म्हणाल्या. “पण ते आपल्यात नाही.”

“मला वाटलं तुम्हाला तरी येतं,” काकू म्हणाल्या. “मी तर पुढच्या वकिलांचं बघून करते.”

हशा पिकला, मास्तरही हसले. पण जिन्यात आल्यावर ते पायरीवर बसले. त्यांना भीती वाटत होती. डोकं आज ना उद्या दगा देणार, हे त्यांना कळलं होतं. पण तेव्हा बघायला समोर कोण असणार? दुकानात तर कटिंगच्या टेबलापाशी त्यांनी कुणाला उभंच राहू दिलं नव्हतं.

दुकानात लेक मशीनवर होती.

“मला पाठ झालेलं नाही,” मास्तर म्हणाले. “मी पुढच्याचं बघून करतो.”

मशीन थांबलं. “वाटलंच होतं मला.”

“डॉक्टर काहीही म्हणोत, मी टेबल मागणार नाही. तू कटिंग शीक. मला अजून येतंय तोवर शीक. मग माझं अडलं की मी तुझं बघून करीन.”

लेकीने मशीनवरचा दोरा तोडला. “बारा वर्षांची होते तेव्हा मी कात्री मागितली होती, बाबा. तुम्ही हातावर फटका मारला होता.”

“आठवतंय,” मास्तर म्हणाले. “ते विसरलो असतो तर बरं झालं असतं.”

लेक उठली. टेबलावरचे शिवलेले कपडे तिने एकेक करून बाजूला ठेवले, डोळे पुसले आणि विचारलं, “आधी काय करायचं?”