मरळ वाचणाऱ्या सुलभाताई

ताईंचा नंबर दिसला तसा गॅस बारीक करून मी फोन उचलला. रविवारची दुपार, त्यांची नेहमीची वेळ. पण आवाज त्यांच्या सुनेचा होता. "सविता मरळ का? आई गेल्या हो... झोपेतच गेल्या." ताईंनी माझं नाव फोनमध्ये तसंच ठेवलं होतं, आणि सुनेला वाटलं, मरळ हे माझं आडनाव. मी फक्त "हाव" म्हणाले. इकडं कोइमतूरला घरात मी एकटीच होते, मालक पंपाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेले. शेजारच्या अक्कांना सांगावंसं वाटलं, दारापर्यंत गेलेसुद्धा. पण सांगणार कोणत्या भाषेत? भाजीचा भाव विचारण्यापुरतं तमिळ येतं मला. त्यात माणूस जाण्याचा शब्द नाही. परत आले आणि करपलेली डाळ उतरवली.

सुलभाताईंना मी कधी भेटले नाही. त्या लातूरच्या, कचेरीतून निवृत्त झालेल्या. मी विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावातली, नववीत शाळा सुटून लग्न होऊन इतक्या लांब आलेली. मोबाइलवर चालणाऱ्या मराठी लेखनाच्या एका वर्गात आम्ही एकत्र आलो. वर्गाला शिक्षणाची अट नव्हती, म्हणून तर मी नाव घातलं. शाळा राहिली, निदान हे तरी पुरं व्हावं, एवढंच मनात होतं. प्रत्येकीनं इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशासाठी एक लेख लिहायचा, आणि जोडीदारानं तो वाचून चर्चापानावर अभिप्राय द्यायचा. लिहिणाऱ्यानं प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यायचं, तोवर लेख पुरा धरायचा नाही, असा नियम. बाकीच्यांनी किल्ले घेतले, संत घेतले. मला भीती वाटली, म्हणून मी मरळ मासा घेतला. आणि जोडीदार म्हणून मिळाल्या त्या जन्मात माशाला न शिवलेल्या ताई!

त्यांचा पहिला अभिप्राय आला तेव्हा कितीतरी दिवस मी ते पान उघडलंच नाही. आपलं लिहिलेलं कुणी वाचणार आणि त्यावर लिहिणार, या विचारानंच मी फोन उपडा ठेवायचे. शेवटी उघडलं. त्यांनी लिहिलं होतं, "'खायला लई भारी' हे काढावं लागेल, ज्ञानकोशाला जीभ नसते. मला मात्र फोनवर सांग कशी करतात ते. खाणार नाही, ऐकेन." खाली नंबर दिलेला. मी भीत भीत फोन लावला, आणि आईच्या हातचं वाटण, तीळ, चिंच, सगळं सांगून झालं तरी त्या "मग?" म्हणतच होत्या. इकडं आल्यापासून मला "मग?" असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून दर रविवारी फोन.

मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, असं मी लिहिलं होतं. ताईंना ते पटेना. "मासा आणि हवा? खात्री कर गं." मी गावाकडं पाहिलं होतं, पण पाहिलेलं पुरत नाही, पुस्तकाचा आधार लागतो. मी इकडं पुस्तक शोधत बसले, तोवर ताई नाकाला पदर लावून लातूरच्या मासळी बाजारात पोचल्या. घमेल्यातल्या जिवंत मरळीकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या तर मासेवाली म्हणाली, "पोरगी दाखवायला बसवली हाय का मावशी? घ्यायची तर घ्या, न्हाईतर गिऱ्हाईक येऊ द्या." भिडेपोटी ताईंनी मरळ घेतली! दुधाच्या किटलीतून घरी आणून बादलीत सोडली. मग मला फोन. "सविता, अगं ही तोंड वर काढून आ करतीय. मरून राहिली की काय?"

"मरत न्हाई ताई, श्वास घेऊन राहिली. वर काहीतरी झाका, उडी मारती."

"झाकू? मग हवा?"

मी इतकी हसले की अक्का दारात येऊन बघून गेल्या. ताईंनी बादलीवर चाळण ठेवली, तिच्यावर वरवंटा. दिवसभर बादलीजवळ बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑटो करून मांजरा नदीवरच्या बंधाऱ्यात मरळ सोडून आल्या. सून म्हणे आठवडाभर त्या बादलीला हात लावेना. चर्चापानावर मात्र ताईंनी गंभीरपणे लिहिलं, "वाक्य बरोबर आहे, खात्री केली. संदर्भ पुस्तकाचा द्यावा, माझ्या बादलीचा चालणार नाही."

त्या गेल्यावर मी ते पान उघडायचं टाळलं. वर्ग सोडून द्यावा असंही वाटलं, एकदा शाळा सोडलेल्या माणसाला सोडणं जड जात नाही. मग वर्गाच्या सरांचा निरोप आला की मुदत संपत आलीय, एका अभिप्रायाला उत्तर बाकी आहे. तो ताईंचाच होता, शेवटच्या आठवड्यातला. नर-मादी दोघंही पिलांजवळ राहतात, असं मी लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी विचारलं होतं, "किती काळ?"

उत्तर मला सापडलेलं होतं. त्याच रविवारी फोनवर सांगणार होते... आता ते लिहिलं की आमच्या दोघींमधलं बोलणं संपलं. न लिहावं तर हेही शाळेसारखंच अर्धं. दोन दिवस मी ते पान उघडत होते आणि बंद करत होते. काल धुणं वाळत घालून आले, हात पुसले आणि लिहिलं : "पिलं आपलं आपण खायला लागेपर्यंत." पुस्तकाचा संदर्भ जोडला, खाली नाव लिहिलं. पाठवल्यावरही जरा वेळ पान तसंच उघडं ठेवलं. ताई एवढ्यावर थांबल्या नसत्या, "म्हणजे नक्की किती गं?" असं त्यांनी विचारलंच असतं. फोनचा उजेड आपोआप मंद होत गेला, तसं मी दोनदा बोट लावून तो जागा केला.