आधी भांडण, मग सही

बिऱ्हाडे वकिलांकडे कोणी भागीदारीचा करार करावयास आले, की ते दोन्ही भागीदारांच्या खुर्च्या समोरासमोर ओढीत, चष्मा काढून टेबलावर ठेवीत आणि शांतपणे म्हणत, "हं. आता भांडा."

पेढे घेऊन आलेली माणसे गोंधळून एकमेकांकडे पाहत. मी हे अनेकदा पाहिले आहे, कारण त्यांच्या करारांचे टंकलेखन शिंदखेड्यात माझ्याकडेच येई. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी कोर्टासमोरच्या पत्र्याच्या टपरीत अर्ज लिहिण्यात माझी उमर गेली आहे, आणि शुद्ध व नेमक्या मजकुरासाठी लोक दुरून माझ्याकडे येतात. वकीलसाहेबांना सर्व तालुका आबा म्हणत असे. मीही तेच म्हणत असे.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत दिलीप आणि मधुकर यांना ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे जोड बनविण्याचा लहानसा कारखाना काढावयाचा होता. आबांनी निरोप धाडला होता, "बायकांनाही आणा." मधुकरची पत्नी माहेरी होती. दिलीपची पत्नी सुनंदा मात्र आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली.

"आबा, आम्ही शाळाना दोस्त शेतस. कसाले भांडूत?" दिलीप म्हणाला.

"समजा, कारखान्यात मधुकरच्या साल्याला कामावर घेतलं. तो रोज उशिरा येतो. बोल आता."

"त्याले घरी धाडी दिसू."

"मना सालाले?" मधुकर ताडकन म्हणाला. "मंग तुना भाऊ काय करस रे दिनभर?"

पुढे मशीन, उधारी, सासरे असे सगळे निघाले. आबा टिपणे घेत राहिले. त्या भांडणातून जी कलमे निघाली, ती मी टंकलिखित केली. शेवटी ते म्हणाले, "आता दोघांपैकी एक जण मेला. दिलीप, तू सांग."

दिलीप हसला. "मी मरी गऊ ते मनी जागावर मनी बायको बसी."

"हसू नको. परत बोल."

त्याने पुन्हा सांगितले, या खेपेस न हसता. सुनंदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. दिलीपच्या मृत्यूनंतर पत्नीची इच्छा असल्यास तिलाच भागीदार करून घ्यावे, अन्य कोणा नातेवाइकास नव्हे, असे कलम लिहिले गेले. उद्घाटनाची तारीख ठरली आहे, असे मधुकरने सांगताच आबांनी विचारले, "कारखान्याचा परवाना? प्रदूषण मंडळाची संमती? कामगारांचा विमा?" यांपैकी काहीच झाले नव्हते. "मग फीत नंतर कापा."

कारखाना रीतसर सुरू झाला. दुसऱ्याच उन्हाळ्यात दिलीपच्या दुचाकीला धुळ्याच्या रस्त्यावर ट्रकने धडक दिली आणि तो जागीच गेला.

तेराव्याच्या दिवशी दिलीपचा थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला, की यापुढे कारखान्याचे तो पाहील. बाईमाणसाने मशीनवर उभे राहणे घराण्याला शोभत नाही. मधुकरने करार बाहेर काढला. भाऊ म्हणाला, "कागदवर वकील काय भी लिखतस." तेव्हा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सुनंदाबाई बोलल्या.

"त्यासनी मना समोर सांगेल शे. मी मना कानवरी ऐकेल शे."

भाऊ गप्प झाला. कारखाना सुनंदाबाईंकडे राहिला. मात्र त्याच बैठकीत दिलीपची आई म्हणाली, "शुभ कामले मरननं नाव लेतस का कोनी? त्या वकीलनी मना पोरना तोंडतून काढी लिधं." हे वाक्य गावोगाव पोहोचले. आबांच्या टेबलावर मरण लिहून मिळते, असे लोक बोलू लागले. करारांची कामे धुळ्याच्या वकिलांकडे जाऊ लागली.

सर्वांत जिव्हारी लागणारे हे, की सुनंदाबाईंनाही तसेच वाटत असे. तहसील कचेरीत आबा समोर दिसले, की त्या व्हरांडा बदलीत. मी एकदा संतापून म्हणालो, "जिचं घर वाचवलं, तिनेच पाठ फिरवावी?"

"फिरवू दे, भाऊ. तिला कुणावर तरी रागावायला हवंच. कारखान्यावर रागावण्यापेक्षा माझ्यावर बरं."

व्यवहार समजणारा माणूस म्हणून मी त्यांना सुचविले, की ते कलम तोंडाने न वदविता मुकाट्याने लिहावे. मी ते मधल्याच एखाद्या पानावर टाकीन, कोणाच्या लक्षातही येणार नाही. "तेराव्याला कागदानं कोण गप्प झालं होतं?" आबा एवढेच म्हणाले.

पुढेही जे थोडे येत, त्यांना ते भांडायला लावीत. त्यातले काही पेढे टेबलावरच सोडून उठून जात. मग आबा एकटेच समोरासमोरच्या त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे बसून राहत. मागच्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या आजाराने ते गेले. शोकसभेस वकील मंडळी होती, मी होतो. सुनंदाबाई नव्हत्या.

गेल्या महिन्यात त्या माझ्या टपरीत आल्या. मधुकर मुलाकडे पुण्याला कायमचा निघाला आहे. त्याच्या जागी मशीनवर काम शिकलेल्या आणि आता सोबत आलेल्या पुष्पाला त्या भागीदार करून घेणार होत्या. मसुदा माझ्याकडे आणि तपासणी धुळ्याच्या वकिलांकडे, असे ठरले.

"भाऊ, आबा जसं लिखेत तसंच लिखा."

मी लिहीत गेलो. मृत्यूच्या कलमाशी आलो आणि बोटे थांबली. हे वाचून दाखवू नये, असे मला वाटले, आणि मी संगणकाचा पडदा त्यांच्यापासून किंचित वळवून घेतला. सुनंदाबाईंच्या ते ध्यानात आले. त्या उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून पुष्पाच्या समोर आणली.

"पुष्पा, तू मरी गई ते तुनी जागावर कोन? बोल."

"अक्का, काय भी बोलतस तुम्ही," म्हणत पुष्पा हसू लागली. हसतच म्हणाली, "मी मरी गऊ ते मनी आंडेर."

आंडेर म्हणजे मुलगी. मी तसे लिहावयास घेतले, तोच सुनंदाबाईंनी हात करून मला थांबविले. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र स्थिर होता.

"हासू नको," त्या म्हणाल्या. "परत बोल."