हा भात का उरला?

आमच्या कामाचं जेवढं नुकसान माझ्या मैत्रिणीच्या मामांनी केलं, तेवढं आजवर कुठल्याही विरोधकाला जमलेलं नाही. विरोधक फार तर आमची पत्रकं फाडतात, नाहीतर त्यात भजी बांधतात. मामांनी आमचा कच्चा मालच संपवला. आणि तोही आमचेच कार्यकर्ते म्हणून, रोज सकाळी वेळेवर हजर राहून.

मी नांदेडची. घराघरांतला आणि शाळेतला ओला कचरा गोळा करून त्याचं खत करायचं, या आमच्या संस्थेच्या कामासाठी लातूरला आले तेव्हा माझ्याकडे पत्रकांचे गठ्ठे आणि भरपूर संताप होता. आपण उरलेलं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्यावर फेकतो, ती पिशवी गाय खाते, आणि मग आपण त्याच गाईला हात जोडतो, असं मी पत्रकात लिहिलं होतं. आजही माझं तेच म्हणणं आहे. ज्या गल्लीत काम सुरू केलं, तिथं ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं एकट्या मामांनी. मामा बसस्थानकावरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म गाड्या लावण्यात आणि सोडण्यात गेलेला. त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "तुमची गाडी कितीला सुटती?" गाडी म्हणजे आमचा हातगाडा. तो आम्हाला जाग येईल तेव्हा सुटायचा. मामा म्हणाले, "तिथंच चुकायलीस बाई." दुसऱ्या दिवसापासून गाडा त्यांच्या ताब्यात गेला.

खताचे खड्डे गल्लीच्या टोकाला एका मोकळ्या प्लॉटवर होते. प्लॉट धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत्याचा. त्याची मुरुडकडे सीताफळाची बाग होती. पाडव्याला ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरून खत द्यायचं, मग प्लॉट पुढंही वापरायचा. ट्रॉली भरली नाही तर तिथं तो आपले टेम्पो उभे करणार, असा तोंडी करार होता. मामांना हा करार पाठ होता. रोज खड्ड्यात डोकावून ते म्हणायचे, "पाडव्याला ट्रॉली भरली पाहिजे. गाडी बंद पडली तर मी सकाळी उठून जाऊ कुठं?"

गाडा घेऊन निघाले की मामा कोपऱ्यावर उभे राहून, तोंडाशी हाताचा कर्णा करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा एकसुरी आवाजात सांगायचे, की पाण्याच्या टाकीपासून निघून पिठाच्या गिरणीवरून शाळेमार्गे खड्ड्याकडे जाणारी गाडी लागलेली आहे, तरी सालपटवाल्यांनी आपापल्या बादल्या घेऊन दारात यावं. गाडी दारापुढून गेली की गेली. सोनारांच्या काकू एकदा मेथीच्या काड्यांची पाटी घेऊन मागं पळत आल्या. "ओ मामा, दोन पावलं थांबा की." मामांनी मान न वळवता सांगितलं, "उद्याच्या गाडीनं पाठवा." काकूंनी पाटी तिथंच आपटली, मामांच्या सात पिढ्यांची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पत्रकांनी जी शिस्त लागली नव्हती ती या उर्मटपणानं लागली, हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण सालपटं, देठं, चहाचा चोथा हे मामा निर्विकारपणे ओतून घ्यायचे आणि शिजलेलं अन्न दिसलं की त्यांचा हात थांबायचा. शिळी भाकरी निघाली तर ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायची, मगच गाड्यात ठेवायची, आणि ठेवल्यावर त्या घराकडे वळून शांतपणे विचारायचं, "का गं माय, ही का उरली?" भांडणाचा सूर नसायचा. गाडीला उशीर का झाला, असं ड्रायव्हरला विचारावं तसं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. मागं चार घरांच्या बायका बादल्या घेऊन ताटकळलेल्या. गिरणीशेजारच्या बागवान भाभी एकदा वैतागून म्हणाल्या, "मामू, रात को दावत थी, बच गया. अब क्या फाँसी देते?" मामा म्हणाले, "फाशी कशाला, भाभी. दावतीचा भात सकाळी फोडणीला घालायचा असतो. कांदा जरा जास्ती घाला." भाभींनी बादली तशीच घरात परत नेली. थोड्या वेळानं गल्लीत फोडणीचा वास सुटला. मला त्या वासात आमचा प्रकल्प जळताना दिसत होता.

शाळेत तर त्यांनी कळसच केला. दुपारच्या उरलेल्या खिचडीचं एक भरलेलं पातेलं आम्हाला रोज मिळायचं. आमचा सगळा हिशोब त्या पातेल्यावर होता. मामांनी एक दिवस पोरांच्या पंगतीत मांडी घातली आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "का टाकायलीस?" ती म्हणाली, "आळणी लागती, आजोबा." दुसऱ्या दिवशी मामा घरून शेंगदाण्याची चटणी कुटून घेऊन गेले आणि पानापानाला चिमूट चिमूट वाढत फिरले. त्या दिवशी पातेलं रिकामं आलं. त्यानंतर रोज रिकामंच आलं. मोठ्या बाईंनी मला बोलावून संस्थेचे आभार मानले. आभार मानण्यासारखं काय झालं होतं, ते मला कळलं नाही.

मी मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, आपण कचरा गोळा करायला निघालोय. तुम्ही लोकांना कचराच करू देत नाही."

"मग चांगलंय की."

"ट्रॉली कशी भरणार?"

मामा विचारात पडले. गाडी त्यांनाच हवी होती, माझ्याहून जास्त. "आता नाही विचारत कुणाला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोनारांच्या काकूंच्या बादलीत अर्धी पोळी निघाली. मामा गप्प राहिले. गाडा पुढं ढकलला, आणि पुढच्या दारापर्यंत जाऊन परत मागं आले. "काकू, डाळीत कुस्करून खाल्ली असती तर?"

पाडव्याला आडत्या ट्रॅक्टर घेऊन आला. खत चांगलं झालं होतं, काळं, भुसभुशीत, पण ट्रॉलीचा तळ झाकेल एवढंच. आडत्यानं खड्ड्यांकडं पाहिलं. "बाकीचं कुठंय?"

"खाल्लं लोकांनी," मामा म्हणाले.

आडत्या हसला नाही. शेवटच्या खड्ड्यात अजून न कुजलेला थर होता. त्यानं काठीनं वरचा पाला बाजूला केला. खाली सगळा पांढरा भात. कालचा, परवाचा, त्याच्या आधीचा. मी संतापले. एवढी विचारपूस चालू असताना असा माजोरी कोण, असं मी मोठ्यानं विचारलं. गल्ली जमलेली होती. प्रत्येक बाई दुसरीकडं बघायला लागली. भाभी म्हणाल्या, "हमारा नहीं." सोनारांच्या काकू म्हणाल्या, "आमच्यात बाई भात उरतच नाही आता."

"माझाय," मामा म्हणाले. "गाडी काढायच्या आधी मीच आणून टाकतो."

मामा खड्ड्याकडं बघत म्हणाले, "ही गेली तेव्हापासून मीच रांधतो. हाताला दोघांचं माप बसलंय. रोज ठरवतो, एकाचंच घ्यायचं. न्हाई जमत."

आडत्यानं काठीनं पाला पुन्हा भातावर ओढला, नीट, कडेपर्यंत. पण करार तो करार. ट्रॉली होती तेवढं खत घेऊन गेली आणि आठवडा व्हायच्या आत प्लॉटवर टेम्पो उभे राहिले. मी पुढच्या पत्रकात शहरातल्या जागांच्या मालकीबद्दल फार कडक लिहिलं. गल्लीत ते एकट्या मामांनी वाचलं.

आता मी नांदेडलाच काम करते. लातूरला जाणं झालं की मामांकडं जेवते. चटणी असते, वरण असतं, आणि भात दोघांचा असतो. दोघं असल्यामुळं तो बरोबर संपतो. मामा रिकामं पातेलं उलटं करून मला दाखवतात. मी त्यांच्या भाच्यांपैकी कुणी नाही, नेमानं येणारीही नाही. माणसाला अडवून प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. पण मी नसते त्या दिवशी भाताचं काय होतं, हे मी मामांना विचारत नाही. भूक नसली तरी ताट पुढं करते आणि म्हणते, "वाढा अजून थोडा."